निवडणाऱ्याचा डोळा

१९९३ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात कार्ल सिम्स या अमेरिकी कलावंताने 'जेनेटिक इमेजेस' नावाची एक मांडणी केली होती. कमानीसारख्या रांगेत सोळा पडदे, प्रत्येकावर एक अमूर्त चित्र आणि प्रत्येक पडद्यासमोर जमिनीवर पाऊल ओळखणारा संवेदक. ज्याला जे चित्र आवडेल त्याने त्याच्यासमोर जाऊन उभे राहायचे, एवढेच प्रेक्षकाचे काम. निवडलेली चित्रे टिकत, उरलेली पुसली जात, आणि त्यांच्या जागी टिकलेल्या चित्रांची संतती येई: आईबापांचे बरेचसे घेतलेली, पण कुठे तरी बदललेली. मग पुन्हा निवड, पुन्हा नवी पिढी. मागे एक महासंगणक या सगळ्याची गणिते करत होता.

त्या पडद्यांवरची चित्रे कोणाची? सिम्सने त्यांतले एकही चित्र हाताने काढले नव्हते. प्रेक्षकांनी रंगाला हातही लावला नव्हता. आणि संगणकाला देखणे काय नि भिकार काय यातले काही कळत नव्हते. तरीही पडद्यांवर अशा आकृत्या येत होत्या, ज्या त्याआधी कोणाच्या कल्पनेतही नव्हत्या.

हा प्रश्न आज उकरून काढण्याचे कारण उघड आहे. गेल्या काही वर्षांत यंत्राने केलेल्या चित्रांचा पूर आला आहे. दिवाळीच्या शुभेच्छांपासून पुस्तकांच्या मुखपृष्ठांपर्यंत ती सगळीकडे दिसतात, आणि 'यंत्र कलावंत असू शकते का' या एकाच खुंटीभोवती चर्चा फिरत राहते. संगणकावर उत्क्रांती घडवून चित्रे करण्याची परंपरा या पुराच्या कितीतरी आधीची, चाळीस वर्षांच्या आसपासची आहे, आणि तिच्याकडे पाहिले की तो प्रश्नच चुकीच्या ठिकाणी विचारला जातो आहे असे आमचे मत होते. यंत्राने काय केले यापेक्षा माणसाने काय पाहिले, काय ठेवले आणि काय टाकले, हे विचारायला हवे. निवड ही निर्मितीच असते, मात्र ती पिढ्यान् पिढ्या, लक्ष देऊन आणि जबाबदारी घेऊन केलेली असावी लागते. ही अट महत्त्वाची आहे, म्हणून थोडे मुळापासून सांगायला हवे.

रिचर्ड डॉकिन्स यांचे 'द ब्लाइंड वॉचमेकर' हे पुस्तक १९८६ साली आले. डार्विनचा सिद्धांत वाचकाला डोळ्यांनी दिसावा म्हणून त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. त्यातून निघणाऱ्या आकृत्यांना ते 'बायोमॉर्फ' म्हणत. आकृती काढण्याचा नियम अगदी साधा. एक रेघ काढायची, तिच्या टोकाला दोन फांद्या, प्रत्येक फांदीच्या टोकाला पुन्हा दोन, असे काही वेळा करत जायचे. फांद्यांची लांबी किती, कोन किती, फाटे किती वेळा फुटायचे, हे नऊ आकडे ठरवत. हे नऊ आकडे म्हणजे त्या आकृतीची जनुके. संतती होताना एखाद्या जनुकात एकाची भर पडे किंवा एकाची घट होई. म्हणजे कुठल्याही आकृतीची एका पायरीवरची शक्य अपत्ये अठरा. ती पडद्यावर मांडली जात, पाहणारा त्यांतले एक निवडी, ते पुढच्या पिढीचे जन्मदाते होई. या प्रोग्रामात एवढेच होते.

आता जरा हिशेब करू. नऊ जनुकांपैकी प्रत्येकाला उणे नऊपासून अधिक नऊपर्यंत एकोणीस मूल्ये घेता येतात असे धरले, तर शक्य आकृत्यांची संख्या ३२ हजार कोटींच्या वर जाते. सेकंदाला एक या वेगाने, झोप न घेता त्या पाहायच्या ठरवल्या तर दहा हजार वर्षे लागतील. पण एका ठिपक्यापासून सुरुवात करून, दर पिढीला हाताशी असलेल्या मोजक्या अपत्यांतून एक उचलत गेलेले डॉकिन्स तिसेक पिढ्यांतच किड्यासारख्या आकृतीपाशी पोहोचले. फार तर वेगवेगळ्या झाडांसारखे आकार निघतील अशी त्यांची अपेक्षा होती. पाय, पंख, शरीराची दोन्ही बाजूंची सममिती असलेले किडे निघतील असे त्यांच्या मनातही आले नव्हते, आणि प्रोग्रामात तर किडा हा शब्दच नव्हता. यदृच्छेने एकदाच दगड मारणे आणि दर पावलाला थोडे थोडे जमवत जाणे यांत केवढे अंतर आहे, ते या एका उदाहरणात कळते.

त्या किड्यांची पुढची हकिगत आम्हाला या विषयात सर्वांत बोलकी वाटते. डॉकिन्स यांनी प्रोग्राम लिहिला होता तो फक्त चित्र काढण्यासाठी. जनुकांचे आकडे नोंदवून ठेवण्याची सोय त्यात केलेलीच नव्हती. किडे पडद्यावर आले, त्यांची चित्रे ठेवता आली, पण ज्या नऊ आकड्यांनी ते घडले होते ते हातचे गेले. त्यांनी लगेच प्रोग्राम सुधारला, पण तोवर उशीर झाला होता. मग त्याच किड्यांपर्यंत पुन्हा पोहोचण्यासाठी त्यांना नव्याने शोध घ्यावा लागला आणि अखेर ते पुन्हा सापडले. चित्र हातात असूनही ते हरवलेले असू शकते, कारण जनुकांशिवाय त्या चित्राला संतती नाही. या कलेत कृती म्हणजे नुसती शेवटची प्रतिमा नसते, तिथवरची सगळी वाट असते. पुढे जे म्हणायचे आहे त्याचा पाया हाच.

डॉकिन्स जीवशास्त्रज्ञ होते, त्यांना उत्क्रांती समजावून द्यायची होती. चित्रकलेच्या अंगाने हीच कल्पना खोलवर नेली ती सिम्स यांनी. १९९१ साली संगणक-चित्रणाच्या सिग्राफ या वार्षिक परिषदेत त्यांनी जो निबंध मांडला तो या क्षेत्राचा मूळ ग्रंथ मानला जातो. त्यांच्या पद्धतीत जनुके म्हणजे नऊ ठरावीक आकडे नाहीत, एक अख्खे गणिती सूत्र आहे. पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूला आडवे अंतर आणि उभे अंतर असे दोन आकडे असतात. त्यांना क्ष आणि य म्हणू. हे दोन आकडे सूत्रात घातले की त्या बिंदूचा रंग किंवा उजेड मिळतो. सूत्र 'क्षचा साइन' एवढेच असेल तर पडद्यावर उजेड-अंधाराचे उभे पट्टे येतील. क्षच्या जागी 'क्ष अधिक य' आले की तेच पट्टे तिरके होतील. तिथे 'क्षचा वर्ग अधिक यचा वर्ग' आले, आणि अंतरे पडद्याच्या मध्यापासून मोजलेली असली, की पट्टे मिटून एकात एक वर्तुळे उमटतील, बाहेरच्या बाजूला अधिकाधिक दाट होत जाणारी. सूत्रातला एक तुकडा बदलला आणि चित्राची जातच बदलली. उत्परिवर्तन म्हणतात ते हेच. दोन चित्रांचा संकर करायचा तर एकाच्या सूत्राचा एखादा भाग कापून दुसऱ्याच्या सूत्रात कलम करायचा.

सूत्राला लांबीची मर्यादा नाही, म्हणून शक्यतांनाही अंत नाही. काही पिढ्यांनंतर सूत्र इतके गुंतागुंतीचे होते की ते कागदावर मांडले तरी त्यातला कुठला भाग चित्रात काय करतो हे सांगणे अवघड. सिम्स यांचा मुद्दा हाच होता: माणसाला जे रचता आले नसते, किंबहुना जे समजूनही घेता आले नसते, तिथे तो फक्त पाहून आणि निवडून पोहोचू शकतो. त्या काळी हे करायला कनेक्शन मशीन नावाचा महासंगणक लागे. त्या जातीच्या यंत्रात ६५,५३६ पर्यंत छोटे प्रोसेसर एकाच वेळी काम करत आणि चित्राचे असंख्य बिंदू आपापसांत वाटून घेत. सिम्स तो संगणक बनवणाऱ्या थिंकिंग मशीन्स या मॅसॅच्युसेट्समधल्या कंपनीत होते. आज हेच गणित साधा मोबाइल सहज करतो. या कलेच्या वाटेतली यंत्राची अडचण कधीच सरली आहे.

याच सुमारास इंग्लंडमध्ये, विंचेस्टरच्या आयबीएम संशोधन केंद्रात विल्यम लॅथम हा शिल्पकार-चित्रकार आणि स्टीफन टॉड हा गणिती प्रोग्रामर एकत्र काम करत होते. लॅथम यांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांनी हा खेळ संगणकाला हात लावण्यापूर्वीच सुरू केला होता. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकत असताना ते मोठमोठ्या कागदांवर आकारांचे वंशवृक्ष हाताने काढत. वर गोल, घन, शंकू असे मूळ आकार. खाली त्यांना फुगवटा आणायचा, खाच पाडायची, चोच काढायची असे नियम लावत निघालेली पुढची पिढी. तिच्या खाली आणखी पुढची. ज्याने हा सगळा वंशवृक्ष पेन्सिलीने काढला आहे, त्याने पुढे संगणक घेतला तो हाताचा कंटाळा आला म्हणून घेतला असे कोणी म्हणू शकणार नाही. टॉड यांनी त्यांच्यासाठी 'म्युटेटर' हा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर एक आकार आणि त्याच्याभोवती त्याची भावंडे. कलावंत त्यांच्याविषयी आपले मत देतो आणि प्रोग्राम त्या दिशेने पुढे सरकतो. १९९२ साली दोघांनी मिळून या कामावर पुस्तक लिहिले. त्यात कलावंताची दोन कामे त्यांनी वेगळी काढली आहेत. आधी तो एक आख्खी सृष्टी रचतो, तिचे नियम ठरवतो. मग त्याच सृष्टीत तो माळी होऊन उतरतो, वाढवतो आणि छाटतो.

ही फोड नीट लक्षात घ्यावी. सिम्स यांनी सूत्रात साइन ठेवायचा, ढगांसारखा खरबरीतपणा आणणारी फले ठेवायची, प्रतिमा पिळण्याची सोय ठेवायची, हे ठरवले तेव्हाच चित्रांच्या एका विश्वाच्या सीमा आखल्या गेल्या. त्या सीमांबाहेरचे काहीही, कितीही निवड केली तरी, मिळणार नाही. पाँपिदूतल्या पडद्यासमोर उभी असलेली बाई त्या विश्वातली वाट काढत होती. वाट तिची, प्रदेश सिम्सचा. दोघांपैकी एकालाच कर्ता ठरवायचा हट्ट धरला की घोटाळा होतो.

निवड हे काम आपल्याकडे कमी प्रतीचे मानले जाते. ज्याने हाताने घडवले तो कारागीर, ज्याने नुसते उचलले तो गिऱ्हाईक, अशी आपली समजूत असते. डार्विन यांची समजूत अशी नव्हती. १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'चे पहिलेच प्रकरण पाळीव प्राणी आणि लागवडीची पिके यांच्याविषयी आहे, आणि त्यात कबुतरांना मानाचे स्थान आहे. त्यांनी स्वतः कबुतरे पाळली, लंडनच्या कबुतरबाजांच्या मंडळात ते वावरले. निसर्ग लहानसहान फरक पुरवतो आणि माणूस आपल्याला हव्या त्या दिशेने त्यांची बेरीज करत जातो, असे त्यांचे निरीक्षण होते. ते फरक इतके बारीक असतात की ते ओळखण्याइतकी नजर हजारात एखाद्याजवळही सापडत नाही, असे त्यांनी बजावून ठेवले आहे.

तशी नजर असलेला एक माणूस महाराष्ट्राने पाहिला आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली 'पटेल ३' या धानाच्या उभ्या पिकात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, जपून ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, आणि हंगामामागून हंगाम निवडत राहिले. त्यातून जो बारीक दाण्याचा तांदूळ उभा राहिला तो घड्याळाच्या नावावरून 'एचएमटी' म्हणून देशभर गेला. खोब्रागडे यांनी कोणत्याही दोन वाणांचा संकर केला नव्हता. त्यांनी पाहिले आणि ठेवले. त्या वाणाच्या श्रेयावरून पुढे वाद झाला, आणि २०१८ साली ते गेले तेव्हाही त्यांना त्यांच्या कामाच्या मानाने फार थोडे मिळाले होते. पाहणाऱ्याला निर्माता मानायला आपण तयार नसतो, याची किंमत कोणीतरी अशी मोजत असते.

अर्थात दुकानातली निवड आणि ही निवड एक नव्हे. दुकानात समोर असलेल्या वस्तूंपैकी एक उचलली की व्यवहार संपतो. पुढच्या वस्तू काय असतील हे आपल्या पसंतीवर ठरत नाही. उत्क्रांतीच्या कलेत प्रत्येक निवड पुढच्या सगळ्या शक्यतांना वळण लावते. दहाव्या पिढीला डावीकडचे चित्र घेतले असते तर विसाव्या पिढीत भलतेच काही समोर आले असते. म्हणून चाळीस पिढ्यांची निवड ही चाळीस निर्णयांची साखळी असते, आणि तीत निवडणाऱ्याची आवड, त्याचा धीर, त्याचे कंटाळणे, कुरूप वाटणाऱ्या एखाद्या आकारात काहीतरी आहे हे ओळखण्याची ताकद, सगळे उमटते. दोन माणसांना एकाच ठिपक्यापासून सुरुवात करायला सांगावी. ती एका जागी पोहोचत नाहीत.

इथे एक प्रश्न सुचणे स्वाभाविक आहे. काय हवे ते आधीच ठरवून संगणकाला सांगितले तर काम लवकर होणार नाही का? होते, पण त्यातून मिळते ते वेगळे. २००८ साली रॉजर योहानसन या प्रोग्रामरने ५० अर्धपारदर्शक बहुभुजाकृती घेऊन 'मोनालिसा' साकारली. आकृत्यांत यादृच्छिक बदल करायचे. मूळ चित्राशी एकेक बिंदू ताडून पाहायचा. फरक कमी झाला तर बदल ठेवायचा, नाही तर टाकायचा. हळूहळू त्या धुरकट तुकड्यांतून ओळखीचा चेहरा वर येतो. हे पाहायला विलक्षण आहे, आणि शिकवायलाही उत्तम. पण शेवटी हाती येते ती आधीपासून असलेल्या चित्राची नक्कल. कुठे पोहोचायचे ते ठरलेले असल्यामुळे वाटेत भेटलेल्या प्रत्येक आकाराची किंमत एवढीच, की तो मोनालिसाच्या किती जवळ आहे.

याच्या अगदी उलट अनुभव 'पिकब्रीडर'चा. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात केनेथ स्टॅन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली तो सुरू केला. इंटरनेटवरून कोणीही यावे, चित्रांची उत्क्रांती करावी, आवडलेले चित्र वंशावळीसकट ठेवून जावे. दुसऱ्या कोणी तिथून पुढे फांदी फोडावी. एकाने सोडलेल्या चित्रावरून दुसरा, त्याच्यावरून तिसरा, अशा या लांबच लांब वंशावळींतून फुलपाखरू, कवटी, मोटार अशी ओळखू येणारी चित्रे निघाली. मोटारीचे चित्र खुद्द स्टॅन्ली यांना मिळाले, आणि ते मोटार शोधत नव्हते. त्यांनी सुरुवात केली ती परग्रहावरच्या प्राण्याच्या चेहऱ्यासारख्या दिसणाऱ्या चित्रापासून. निवडता निवडता त्या चेहऱ्याचे डोळे खाली सरकत गेले आणि त्यांची चाके झाली. मोटार हवी म्हणून बसलेल्या माणसाने त्या चेहऱ्याकडे ढुंकूनही पाहिले नसते, कारण त्यात मोटारीसारखे काही नव्हते.

स्टॅन्ली तिथे थांबले नाहीत. लोकांनी पिकब्रीडरवर शोधलेली चित्रे हेच उद्दिष्ट म्हणून संगणकाला दिले, चित्र घडवण्याची पद्धत तीच ठेवली, आणि दर पिढीला उद्दिष्टाशी जास्तीत जास्त जुळणारे चित्र निवडायला सांगितले. कवटीसारखी अवघड चित्रे या वाटेने मिळाली नाहीत. त्या प्रयोगांचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढे जोएल लेहमन यांच्याबरोबर लिहिलेल्या २०१५ च्या पुस्तकात स्टॅन्ली यांनी तो कलेच्या पलीकडे, संशोधन आणि शिक्षणाच्या धोरणापर्यंत नेला. तेवढ्या लांब जावे की नाही यावर मतभेद होऊ शकतात. साथीच्या रोगावर लस शोधायची तर उद्दिष्ट ठेवावेच लागते. पण चित्रापुरते त्यांचे म्हणणे आम्हाला पूर्ण पटते. जिथे पोहोचायचे ते ठाऊक नसते तिथे मोजपट्टी निरुपयोगी ठरते, आणि समोर आलेल्या गोष्टीत रस घेणारी नजर कामाला येते.

ही नजर यंत्रालाच देऊन टाकण्याचे प्रयत्न फार लवकर सुरू झाले. त्यामागचे कारण व्यावहारिक होते. माणूस थकतो. पंधरा-वीस चित्रे एका वेळी, पिढीमागून पिढी पाहत राहिले की थोड्याच वेळात सगळी सारखी दिसू लागतात, आणि बोट कुठेही पडते. जपानी संशोधक हिदेयुकी ताकागी यांनी २००१ साली या पद्धतींचा जो मोठा आढावा घेतला त्यात माणसाचा हा थकवा ही मुख्य अडचण म्हणून नोंदवली आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९४ मध्येच एका माणसाच्या पसंती-नापसंतीवर न्यूरल नेटवर्क शिकवून निवडीचे काम त्याच्याकडे सोपवून पाहिले होते. पोर्तुगालमध्ये कुइंब्रा इथे पेनोसाल मशादु आणि त्यांच्या सहकाऱ्याने वेगळी वाट धरली: चित्र गुंतागुंतीचे असावे, पण डोळ्याला ते सहज उलगडावे, आणि या दोन्ही गोष्टी फाइल किती दाबली जाते यावरून मोजाव्यात. कल्पना हुशारीची आहे. पण अशा कुठल्याही मोजमापाचे एक होते. उत्क्रांती त्या मोजमापातली फट शोधून काढते आणि जास्तीत जास्त गुण मिळवणारी, पण पाहवत नाहीत अशी चित्रे पुढे करते. गुण कसे मिळवायचे हे चित्रांना कळते, चांगले कसे व्हायचे ते नाही.

गर्दीकडे निवड सोपवण्याचाही प्रयोग झाला. स्कॉट ड्रेव्ह्ज यांचा 'इलेक्ट्रिक शीप' १९९९ साली सुरू झाला. ज्यांचे संगणक रिकामे पडलेले असतात ते एकमेकांशी जोडले जातात आणि ज्वाळांसारख्या हलत्या आकृत्या मिळून तयार करतात. आवडली तर पाहणारा वरच्या बाणाची कळ दाबतो, आणि जास्त मते मिळालेल्यांचा वंश वाढतो. या आकृत्या देखण्या आहेत यात शंका नाही. तरीही त्या बराच वेळ पाहिल्यावर एक सारखेपणा जाणवतो, आणि हा आक्षेप एकूणच या कलेवर घेतला जातो. सूत्रांतून जन्मलेल्या चित्रांवर त्या सूत्रांच्या जातीचा शिक्का असतो. भोवरे, सममिती, चकाकत्या कडा. कोणी केले ते कळण्याआधी कुठल्या प्रोग्रामात केले ते कळते. ऑस्ट्रेलियातले जॉन मॅकॉर्मॅक यांच्यासारख्या, स्वतः याच माध्यमात काम करणाऱ्या कलावंतानेही या मर्यादा स्पष्ट शब्दांत मांडल्या आहेत. हा आक्षेप आम्ही मान्य करतो. त्यावर उपाय लॅथम यांनी केला तोच दिसतो: दुसऱ्याच्या सृष्टीत निवड करत बसण्याऐवजी आधी स्वतःची सृष्टी रचावी.

आता आजच्या पुराकडे वळू. शब्दांत वर्णन लिहायचे आणि यंत्राने चार चित्रे पुढे ठेवायची, त्यांतले एक घ्यायचे, ही पद्धतही वरवर निवडीचीच वाटते. २०१८ मध्ये जोएल सायमन यांनी 'गॅनब्रीडर' काढला तेव्हा दोन्ही परंपरा जुळल्याही होत्या: फोटोंवर शिकलेल्या नेटवर्कमधून निघणाऱ्या प्रतिमांचे संकर लोक करू लागले. पण फरक दोन ठिकाणी आहे आणि दोन्ही ठिकाणी तो मोठा आहे. पहिला कच्च्या मालाचा. डॉकिन्स यांच्या प्रोग्रामाने कोणाचे चित्र पाहिले नव्हते. सिम्स यांच्या सूत्रांत होती ती फक्त गणिते. आजची यंत्रे कोट्यवधी चित्रांवर शिकलेली आहेत आणि ज्यांची ती चित्रे होती त्यांतल्या बहुतेकांना कोणी विचारलेले नाही. दुसरा फरक वाटेचा. बायोमॉर्फच्या पाहणाऱ्याला प्रत्येक पिढीला काय बदलले ते दिसे. वर्णनावरून आलेल्या चित्रात एक शब्द बदलला की सगळेच बदलते, आणि का बदलले हे कोणाला सांगता येत नाही. तिथे धीराने, पिढ्यान् पिढ्या काम करणारी माणसे नाहीत असे आमचे म्हणणे नाही. ती आहेत, आणि त्यांच्या कामाला न्याय द्यायचा असेल तर यंत्र कोणते यापेक्षा त्यांनी किती आणि काय निवडले हेच पाहावे लागेल.

कायद्यालाही हा प्रश्न टाळता येणार नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली, आणि संगणकनिर्मित कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण होण्यास कारणीभूत ठरणारी व्यक्ती अशी व्याख्या आली. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात त्याच जागी निर्मितीसाठी आवश्यक ती व्यवस्था करणारी व्यक्ती आहे. पाँपिदूच्या पडद्यांना ब्रिटिश शब्द लावले तर पारडे सिम्स यांच्या बाजूला झुकेल. भारतीय शब्द लावले तर समोर उभ्या राहिलेल्या प्रेक्षकालाही काही म्हणता येईल. अमेरिकेत २०२३ साली न्यायालयाने माणसाच्या कर्तृत्वाशिवाय कॉपीराइट नाही असा निर्णय दिला, पण त्या खटल्यात अर्जदाराने कर्ता म्हणून यंत्राचेच नाव दिले होते. माणसाची निवड किती मोलाची हा प्रश्न तिथे उभाच राहिला नाही. त्याच वर्षी 'झारिया ऑफ द डॉन' या चित्रकथेबाबत तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने सुटी चित्रे वगळली, मात्र मजकुराला आणि चित्रांच्या निवड-मांडणीला संरक्षण दिले. एका चित्रापर्यंत पोहोचवणाऱ्या निवडींच्या साखळीला काय द्यायचे, हे अजून कोणी नीट सांगितलेले नाही. आपल्याकडच्या कायद्यातला 'कारणीभूत' हा शब्द त्यासाठी पुरेसा लवचीक आहे, आणि त्याचा अर्थ लावताना साखळीचा पुरावा मागितला जावा असे आम्हाला वाटते.

तो पुरावा ठेवणे फारसे अवघड नाही. पिकब्रीडरने प्रत्येक चित्राची वंशावळ जपली होती आणि ती कोणालाही पाहता येई. प्रदर्शने भरवणाऱ्यांनी, स्पर्धा घेणाऱ्यांनी, मुखपृष्ठे निवडणाऱ्या प्रकाशकांनी यंत्राच्या मदतीने केलेले चित्र स्वीकारताना अंतिम प्रतिमेबरोबर तिच्या मागच्या पिढ्या, टाकलेली चित्रे आणि वापरलेल्या प्रोग्रामाचे नाव मागावे. ज्याने खरोखर निवड केली आहे त्याच्याजवळ हे सगळे असते, आणि ते दाखवण्यात त्याला अडचण नसते. कलाशिक्षणातही याला जागा हवी. बायोमॉर्फसारखा प्रोग्राम काहीशे ओळींत लिहिता येतो. चित्रकलेच्या विद्यार्थ्याने तो आपल्या हाताने लिहावा, फांद्या फुटण्याऐवजी स्वतःला सुचलेला नियम घालावा, आणि जनुकांचे आकडे पहिल्या ठिपक्यापासून वहीत उतरवून ठेवावेत. वर्षाअखेरीस गुण देताना परीक्षकांनी शेवटच्या चित्राबरोबर ती वहीही पाहावी.